अठ्ठ्याण्णव पौंड

हंसाबाई आमच्या सबजेलची नोकर होती आणि नव्हतीही. तहसील कचेरीच्या मागे दगडी भिंतीच्या आत चार कोठड्या, त्यातली एक बायकांची. ही कोठडी वर्षातले आठ महिने रिकामी असायची. बाई कैदी आली की चपराशी सायकल काढायचा आणि दोन मैलांवरच्या तांड्यावरून हंसाबाईला घेऊन यायचा, कारण बाई कैद्याजवळ बाईमाणूस पाहिजे असा नियम. झडती तिने घ्यायची, डॉक्टर तपासायला आले तर तिने हजर राहायचं, आणि संध्याकाळी कोठडीला कुलूप लागलं की हंसाबाईही आतच. कैदी सुटली की हिची नोकरी संपली. एकदा मी तिला म्हणालो, गुन्हा दुसरीचा आणि कोंडतात तुला, हा कुठला न्याय. तिने तंबाखू मळता मळता सांगितलं, की तिच्या लग्नातही असंच झालं होतं.

मी तिथला कारकून. सुपरिंटेंडेंट म्हणून नाव तहसीलदारांचं, पण ते महिन्यातून एकदा सही करायला भिंतीच्या आत पाऊल टाकत. बाकी सगळं माझ्यावर. कैद्याच्या प्रकृतीचं काय करायचं ते जाड पुस्तकात छापलेलं होतं आणि ते पुस्तक मला पाठ होतं. आल्या दिवशी वजन करावं. दर पंधरा दिवसांनी पुन्हा करावं. पाच पौंडांहून अधिक घट दिसली तर डॉक्टरांपुढे उभं करावं, आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तर जिल्ह्याच्या दवाखान्यात धाडावं. चांगलाच नियम आहे. कैदी खोटं बोलेल, शिपाई खोटं बोलेल, काटा बोलणार नाही, असा त्यामागचा हिशेब.

फक्त आमच्याकडे काटा नव्हता. दवाखान्यातला काटा अर्धा मैल दूर, आणि कैद्यांना तिथे न्यायला शिपाई मोकळे नसत. म्हणून मी टेबलाशी बसूनच वजनं लिहीत असे. मागच्या आकड्यात एक मिळवायचा, पुढच्या खेपेला एक उणा करायचा. अगदी तोच आकडा लिहिला तर वरच्यांना शंका येते, एवढी अक्कल मला होती. सगळीकडे असंच चालायचं. पळसाला पानं तीन, असं आम्ही कारकून मंडळी एकमेकांना सांगून हसायचो.

सत्तावन्न साली हंसाबाईचा नवरा किसनसिंग आमच्या कोठडीत होता. जंगलातली सागाची दोन लाकडं बैलगाडीत सापडली, एवढाच गुन्हा. काटक माणूस होता. माझ्या रजिस्टरात त्याचं वजन एकशे एकवीस, एकशे बावीस, पुन्हा एकशे एकवीस असं चार महिने चाललं. मग एका सकाळी डॉक्टरांनी त्याला विहिरीवर पाहिलं. त्याला बादली ओढता येत नव्हती. डॉक्टर त्याला स्वतः दवाखान्यात घेऊन गेले आणि काट्यावर उभं केलं. शहाण्णव भरला. त्याच दुपारच्या मोटारीने त्याला जिल्ह्याला पाठवलं आणि नवव्या दिवशी तो तिथे मेला. तांड्यावर निरोप पोचला तोवर तिकडच्यांनी त्याला परस्पर जाळून टाकलं होतं. हंसाबाई जाऊन आली. तिच्या हातात गोल शिक्क्याचा एक कागद तेवढा होता.

चौकशीत माझ्या रजिस्टराबद्दल कोणी काही विचारलं नाही. ‘अचानक घट’ असा शेरा पडला आणि आमच्या सबजेलला नवा काटा मिळाला. तहसीलदारांना त्या बाईची दया आली, म्हणून तिला हे बाई कैद्यांचं काम मिळालं. तेव्हा ती चाळिशीची असेल. दंडातल्या बलिया, म्हणजे तांड्यावरच्या सवाष्णींच्या हस्तिदंती बांगड्या, उतरल्या होत्या आणि गालांवर लोंबणारी चांदीची घुगरी गेली होती. दंडावर बांगड्यांच्या जागी पांढुरके पट्टे राहिले होते. ते पट्टे दिसले की मी रजिस्टरात तोंड खुपसायचो.

तिला मी कधी काही सांगितलं नाही. तिला जे दिसलं ते एवढंच : माणसाला काट्यावर चढवलं, कमी भरला, म्हणून नेला, आणि नेला म्हणून मेला. यात तिचं काय चुकलं? मी त्याआधी चार महिने लिहिलेल्या आकड्यांशिवाय तिला सगळं ठाऊक होतं.

एकसष्ट सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी जमनीला आणलं. वीस-एकवीस वर्षांची पोर. घरामागे मोहाच्या दारूची भट्टी सापडली. नवरा खेमसिंग शिवारातून जो पळाला तो पळालाच, आणि पोलिसांना कोणीतरी न्यायला हवं होतं. जामिनाला शेत नावावर असलेला माणूस पाहिजे. तिचा बाप देवसिंग हंसाबाईच्याच तांड्यावरचा, पण त्याची शेती जंगलच्या जमिनीवर, कागदावर काही नाही. पुंडलिकराव नावाचे एक शेतकरी जामीन राहायला कबूल झाले होते. पण कापसाची वेचणी आटोपल्याशिवाय त्यांना सवड नव्हती. मग साक्षीदार आले नाहीत, मग मॅजिस्ट्रेट दौऱ्यावर गेले. असं होत होत बारा फेब्रुवारी ही तारीख पडली.

आली त्या दिवशी तिच्या अंगावर सगळा साज होता. नियमाप्रमाणे दागिने उतरवून यादी करायला हवी होती. हंसाबाई दारात आडवी उभी राहिली. नवरा जिता असलेल्या बाईचे हात ती उघडे करणार नाही, हवं तर बाबूजींनी दुसरी बाई शोधावी, असं तिने मला सरळ सांगितलं. दुसरी बाई मिळत नाही हे तिलाही माहीत होतं. मी मान डोलावली. जमनी आरशांच्या घागऱ्यासकट, बलियांसकट काट्यावर चढली. अठ्ठ्याण्णव पौंड. मी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. शिपायांनी बंदुकांची पूजा केली, मी दौतीची केली. संध्याकाळी पाहिलं तर काट्याच्या दांडीवरही हळदीचा एक ठिपका होता. कोणीतरी काट्यालाही पुजलं, म्हटलं, बरं झालं.

जमनीला खोकला दिवाळीनंतर लागला. चुलीच्या धुराचा असेल, असं शिपाई म्हणाले, मीही म्हणालो. डॉक्टर मंगळवारी यायचे, सकाळी दहाला. ताप संध्याकाळचा यायचा. डॉक्टर बायकांच्या कोठडीच्या दारात उभे राहून विचारायचे, आणि जमनी भिंतीकडे तोंड करून बसायची, ओढणी हनुवटीपर्यंत. परक्या पुरुषाशी बोलायची त्यांच्यात रीत नाही. तिच्या वतीने हंसाबाई सांगायची, की बरी हाये, जेवते, झोपते. डॉक्टर वाईट नव्हते. चाळीस खेड्यांचा तो एकच दवाखाना, आणि बाहेर गाड्या सोडलेल्या असायच्या. ते माझ्याकडून रजिस्टर मागायचे, वजनाच्या रकान्यावरून बोट फिरवायचे. अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव. सही करून जायचे. त्या पडद्याआडचं सांगणारा एकच साक्षीदार होता, तो काटा. तो म्हणत होता, ठीक आहे.

आणि या वेळी वजनं खरी होती, हे मला शपथेवर सांगायचं आहे. किसनसिंगनंतर मी एकही आकडा मनाने लिहिला नाही. दर पंधरवड्याला काटा आदल्या दिवशीच बायकांच्या अंगणात नेऊन ठेवायला लावायचो, सकाळी स्वतः दांडीपाशी उभा राहायचो. जमनी चढायची, मी वजन सरकवायचो, ते हळदीच्या ठिपक्यापाशी जाऊन थांबायचं आणि दांडी सरळ व्हायची. मनात मी स्वतःला शाबासकी द्यायचो. आता आपल्या हातून कोणी मरणार नाही, असं मला वाटायचं. मूर्खाला वाटायला काय लागतं?

हंसाबाई तेव्हा तिला जिवापाड जपत होती. तांड्यावरून तूप आणायची, अडुळशाचा काढा करायची. जमनी तिला ‘याडी’ म्हणायची, म्हणजे आई. हंसाबाईला पोर नव्हतं. माझ्याशीही ती खेळीमेळीने वागे. तुमच्या कागदाले पोट हाये का बाबूजी, कितीबी लिवा, भरतच नाई, असं म्हणून मला चिडवायची. दर वजनानंतर ‘किती भरली?’ असं विचारायची. मी आकडा सांगितला की तिचा चेहरा सुटायचा. तारखेला किती दिवस उरले तेही विचारायची. तीस. सोळा. दोन.

दहा फेब्रुवारी, शनिवार, वजनाचा दिवस. काटा अंगणात मांडलेला होता. हंसाबाईने जमनीला दंडाला धरून आणलं. पोरगी फार हळू चालत होती. पायांचा आवाजही वेगळा येत होता, जड, पाण्यातून चालावं तसा. ओढणी नेहमीसारखीच खाली ओढलेली. काट्यावर चढायला हंसाबाईने तिला जवळजवळ उचललंच. मी वजन ठिपक्यापाशी नेलं. दांडी सरळ झाली. मी रजिस्टर उघडून लिहिलं : अठ्ठ्याण्णव, प्रकृती ठीक. शाई वाळायची होती. मी पान तसंच उघडं धरून उभा होतो, आणि जमनी काट्यावरून उतरता उतरता खाली बसली. मग खोकली. अंगणातल्या फरशीवर रक्त पडलं. एवढं रक्त मी माणसाच्या तोंडातून आलेलं कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर धावत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांनी ओढणी बाजूला केली. चार महिन्यांत त्या मुलीचं तोंड आम्ही पुरुषांनी प्रथमच पाहिलं. गालांची हाडं, त्यांवर कातडं, आणि उघडे डोळे. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या रजिस्टराकडे पाहिलं.  पंचनाम्यासाठी माणसं बोलवायला सांगून ते पंपावर हात धुवायला गेले.

पंच येईपर्यंत अंगणात मी, हंसाबाई आणि जमनी. अंगावरच्या वस्तूंची यादी करायची होती. हंसाबाईने स्वतःहून घागऱ्याचा नाडा सोडला. आत कमरेला एक फडकं करकचून बांधलं होतं. त्या फडक्यातून तिने एकेक वस्तू काढून फरशीवर ठेवली. गळ्यातली चांदीची जाड हासळी. पायातल्या भरीव वाळ्यांचे दोन जोड. कंबरपट्टा. आणि सगळ्यांत शेवटी खलातला लोखंडी बत्ता. दागिने तिचे स्वतःचे होते, किसनसिंग मेल्यापासून पेटीत पडून असलेले. रोज चपराशी दार उघडायचा तेव्हा ती घरी जाऊन यायची, आणि दर पंधरवड्याला एकेक वस्तू आणायची. आदल्या संध्याकाळी जमनीला काट्यावर चढवून ती दसऱ्याला आपणच लावलेल्या हळदीच्या ठिपक्याशी मेळ घालायची. पहाऱ्यावरच्या शिपायाला वाटायचं, बायकांचा खेळ चाललाय. चांदी पुरेना तेव्हा तिने बत्ता आणला.

 मी ते सगळं काट्यावर ठेवलं. एकोणीस पौंड. म्हणजे पोरगी एकोणऐंशीची झाली होती. त्यातही तिच्या स्वतःच्या बलिया आणि आरशांचा घागरा होता.

हंसाबाई रडत नव्हती. ती म्हणाली, “बाबूजी, दोन दिवसच राह्यले होते. तारखेले बापाच्या हाती देली असती. मी तिले त्या मोटारीत बसू देनार नव्हतो.”

मग म्हणाली, “लिवा आता. हंसाबाईनं केलं म्हनून लिवा.”

मी लिहिलं नाही. बाहेर पंचांची पावलं वाजत होती. बत्ता मी माझ्या छत्रीच्या पिशवीत टाकला आणि दागिने जमनीचे म्हणून यादीत चढवले. तिला वाचवायला केलं, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. आज सांगतो, मी मला वाचवत होतो. हंसाबाईचं नाव निघालं असतं तर तिने हे का केलं असं कोणीतरी विचारलं असतं, तिने किसनसिंगचं नाव घेतलं असतं, आणि मग सत्तावन्न सालचं रजिस्टर कपाटातून खाली आलं असतं.

संध्याकाळी देवसिंग मुलीला न्यायला बैलगाडी घेऊन आला. मी त्याच्यापुढे दागिने ठेवले. म्हाताऱ्याने हासळी हातात घेतली, उलटी केली. तांड्यावर कोणाच्या घरची चांदी कोणती, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याने हंसाबाईकडे पाहिलं. तिने जमिनीकडे पाहिलं. म्हाताऱ्याने अंगठा दिला आणि दागिने लेकीच्या उशाशी ठेवून गाडी हाकली.

चौकशीला मॅजिस्ट्रेट आले. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं माझं झालं होतं. त्यांनी रजिस्टर चाळलं. दर पंधरवड्याची नोंद, माझी सही, डॉक्टरांची सही, तहसीलदारांची सही. त्यांनी लिहिलं, की वजन अखेरपर्यंत कायम होतं, नियमांचं पालन काटेकोर झालेलं आहे, मृत्यू अकस्मात, कोणाचीही हयगय दिसत नाही. जाताना ते मला म्हणाले, की इतकं स्वच्छ रजिस्टर त्यांनी दुसऱ्या कोणत्या सबजेलात पाहिलेलं नाही. त्या रात्री मी जेवलो नाही. पण दुसऱ्या रात्री जेवलो, तेही सांगितलं पाहिजे.

मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, की महिना-दीड महिना आधी कळलं असतं तर? त्यांनी स्टेथास्कोप गुंडाळून खिशात घातला. म्हणाले, क्षय होता. आता सुया आहेत, जिल्ह्याला मिळतात, पूर्वीचे दिवस राहिले नाहीत. डिसेंबरात पाठवली असती तर बहुतेक उठून घरी गेली असती. “तुमच्या काट्याने घात केला,” ते म्हणाले. काट्यावर त्यांचा राग होता, माझ्यावर नव्हता.

हंसाबाई मार्चात आली. बोलावलं नव्हतं. कचेरीच्या पायरीवर बसून राहिली. तहसीलदार जेवायला गेले, चपराशी गेला, तेव्हा आत येऊन माझ्या टेबलापुढे खाली बसली. एवढी वाळली होती, की तिलाच काट्यावर घ्यावं असं वाटलं. तिने सांगितलं, की तांड्यावर कोणी तिला काही बोलत नाही. देवसिंगनेही एक शब्द काढला नाही. पण तिला झोप लागत नाही. तिला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारण्याजोगा शिकलेला माणूस तिच्या ओळखीत मी एकटाच होतो.

“खरं सांगा बाबूजी,” ती म्हणाली. “तिले नेलं असतं तं वाचली असती काय?”

डॉक्टरांचे शब्द माझ्या जिभेवर होते. ‘वाचली असती’ एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की ती लगेच विचारणार होती, मग माझा माणूस काहून नाही वाचला, त्याले तं नेलं होतं. आणि त्याचं उत्तर एकच होतं : त्याला उशिरा नेलं, कारण चार महिने तो माझ्या दौतीतल्या शाईत एकशे एकवीस पौंडांचा धडधाकट होता. तिच्याकडे पाहत हे बोलायची माझी छाती झाली नाही. वर मनाने लगेच सोईची वाटही काढून दिली : गेलेली परत येत नाही, निदान मागे राहिलेलीला झोप लागू दे.

“नसती वाचली, हंसाबाई,” मी म्हणालो. “आयुष्यच तेवढं होतं. तिकडे नेऊनही काही झालं नसतं.”

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तिचे खांदे खाली आले. इतक्या दिवसांत प्रथमच तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती पदराने तोंड पुसत म्हणाली, “मंग मी बराबरच केलं. तिथं एकटी मेली असती. इथं माह्यापाशी तं होती.”

मी काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं.  तेवढ्यात चपराशी परत आला आणि हंसाबाईला पाहून म्हणाला, बरं झालं, सायकल काढायचे कष्ट वाचले. महागावकडून पोलिसांची गाडी आली होती, सोबत एक बाई कैदी होती, धनीबाई नावाची, आणि ती वाटेत दोनदा ओकली होती. हंसाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. तिने माझ्याकडून किल्ली मागितली. मी ती दिली.